रेणूच्या चुकांची वही

नल्लकुंटा, हैदराबाद
सोमवार

ती. स्व. मालनअक्कास,
शिवराजचा साष्टांग नमस्कार. दाजींचा खोकला उतरला असेल आणि तूही गुडघ्याला तेल चोळायचं सोडलं नसशील, असं धरून चालतो. पत्र बघून दचकू नकोस. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं शेजारच्या हेमंतरावांनाही ऐकू जातं, आणि हे रेणूच्या कानावर पडायला नको.

तुझी भाची बारावं वर्ष लागल्यापासून काचीगुड्याला बॅडमिंटनच्या कोचिंगला जाते, हे तुला ठाऊकच आहे. मी तिथं बाकावर बसून तिच्या चुका वहीत टिपायचो (लाल शाईचं पेन खास सुलतान बाजारातून आणलं होतं, हसू नकोस) आणि परतताना स्कूटरवर वाचून दाखवायचो. वाटेत चार सिग्नल, दर सिग्नलला तीन चुका. हिरवा लागला की मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे, तरी तिचा बॅकहँड पुरा झाल्याशिवाय मी हलत नसे. शेवटी कोच अप्पाराव सरांनी मला फाटकाबाहेर काढलं. म्हणाले, "अंकल, नक्को आओ. बच्ची शटल कू नहीं देखती, आप कू देखती."

मी बाहेर राहीन होय? बुधवारी स्कूटरच्या सीटवर चढलो आणि हॉलच्या रस्त्याकडच्या खिडकीचे गज धरून आत बघू लागलो. रेणूनं असा देखणा स्मॅश मारला की मी टाळ्या वाजवल्या, म्हणजे दोन्ही हात सोडले. स्कूटर एकीकडं, मी गटारात (कोरडं होतं, देवाची कृपा). खेळ थांबला, सगळी पोरं बाहेर आली. रेणूनं माझी चप्पल शोधून आणली, पडलेली वही उचलली आणि हळूच विचारलं, "पप्पा, आज किती झाल्या?" मी तर टाळ्या वाजवत होतो, अक्का; पण चप्पल पायात सरकवून स्कूटर उभी करायला लागलो.

परतताना चारही सिग्नल लाल लागले. दर हिरव्याला मी लगेच निघालो, मागून एकही हॉर्न वाजला नाही. पूर्वी ती गल्लीत दोरी बांधून खेळायची, तेव्हा जेवताना सगळा खेळ दोन-दोनदा सांगायची, पोळीचा तुकडा हातात तसाच वाळायचा. मला तेव्हा कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. आता त्या बडबडीसाठी जीव तुटतो. वही तिच्याकडंच आहे. मी मागितली नाही.

तुझ्या भावजयीचा, शिल्पाचा, तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा धाकटा,
शिवराज

ता. क. येत्या रविवारी तिची मॅच आहे. मी जाणार नाही, स्कूटरची किल्ली शिल्पाच्या ताब्यात दिली आहे. मॅच झाली की रेणू दार लावून तुला फोन करते, कुजबुजत बोलते आणि तासभर हसत असते, हे मला माहीत आहे. ती काय काय बोलली, ते मला लिहून पाठवशील? जिंकली की हरली ते नको. कशाला हसली, तेवढं लिही.

आणखी एक. लिहिण्याच्या ओघात स्कोअर आलाच, तर मुद्दाम खोडू नकोस.