स्ट्राँग रूममधले हळदीचे भांडे

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
तालुका निवडणूक कक्ष, डहाणू.

विषय : स्ट्राँग रूममधील काचेचे भांडे न हलवता त्याचा पंचनामा करण्याबाबत.

संदर्भ : १) खोली ताबडतोब उघडावी, हा माझा दि. ५ नोव्हेंबरचा अर्ज.
२) मोजणीसाठी सोमवारी खोली उघडून, नंतर धुऊन परत देण्याचे आपले पत्र.

महोदय,

मी ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, तेथील प्रयोगशाळेची आपण स्ट्राँग रूम केली आहे. संदर्भ १ चा अर्ज मी रागात लिहिला होता. तो न वाचल्यासारखा समजावा, विशेषतः शेवटचे वाक्य.

१. माझी विद्यार्थिनी कु. निलम तलासरीकडच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून येते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने फांद्यांना फांद्या फुटलेले बहुवारिक, म्हणजे पॉलिमरचे, रेणू तयार केले. त्यांची काही टोके पाण्याला जवळ करतात, काही पाण्यापासून पळतात. पाण्यात शांत ठेवले की पळणारी टोके आत आणि बाकीची बाहेर, असे ते आपसूक गोळा होतात. थंडीत शेकोटीभोवती माणसे बसतात तसे, कोणी पाट न मांडता. एकेक गोळा केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढा, त्यामुळे तो झाला हे पटवून देणे हाच मोठा ताप. अट एकच, मध्ये कोणी हात लावायचा नाही.

२. आमच्याकडे नेमके तेच कोणाला जमत नाही. परिचर शुक्राकाकांनी पहिले भांडे "औषध हलवूनच ठेवायचं असतं, मॅडम" म्हणत रोज सकाळी घुसळले. दुसरे मी स्वतः रिकामे समजून धुतले. तिसऱ्याच्या वेळी खंडेनवमी आली. तराजू, बर्नर, सगळ्यांना हळदकुंकू वाहताना काकांनी भक्तिभावाने चिमूटभर हळद भांड्याच्या आत सोडली. मी कपाळाला हात लावला. पण पूजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नसते, म्हणून ते तसेच राहिले. मग सत्रपरीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टीतच आपण खोली ताब्यात घेतली. भांड्याचा स्टँड ओट्याला पक्का असल्याने ते आतच राहिले.

३. आपल्या पंचनाम्यात नोंद आहे : "काचेचे भांडे एक, आत पाणी, तळाशी पिवळा गाळ." मग मतदान झाले, मतदानयंत्रे आत आली, दाराला लाख लागली, बंदूकधारी पहारा बसला, आणि मोजणी पुढे गेल्याने आज चौतीस दिवस सगळे बंद आहे. बाहेर मंडपात उमेदवारांचे प्रतिनिधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर यंत्रे पाहत बसत. त्यांच्यात निलमही जाऊन बसू लागली. हवालदारांनी विचारले, "तुमचा उमेदवार कोण?" ती म्हणाली, "तो कोपऱ्यातला, काचेचा." तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "मॅडम, गाळ फिका पडतोय, वरचं पाणी पिवळं होतंय!" हळद पाण्यात विरघळत नाही, हे कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक आहे. म्हणजे रेणूंचे गोळे जमले आणि हळदीचा रंग त्यांनी पोटात घेतला. मी धावत तिथे गेले, पडद्यावर पाहिले आणि मंडपात सगळ्यांसमोर रडले. एका प्रतिनिधीने घाबरून विचारले, "निकाल लागला का?"

४. परीक्षकांना हे मान्य नाही. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये सहज उतरतो, तेव्हा मुलीने गुपचूप स्पिरिट घातले असणार, असे त्यांनी लेखी कळवले आहे. निलमचे वर्ष तर जाईलच, वर खोटेपणाचा शिक्का बसेल, आणि तो मला सहन होणार नाही. त्या खोलीत माशीही शिरली नाही, हे आपल्याइतके ठामपणे तालुक्यात दुसरे कोण सांगणार?

तरी सोमवारी फिनाइलची बादली थोडा वेळ बाहेर थांबवावी. पंचांसह भांड्यासमोर उभे राहून जे दिसेल ते लिहावे आणि आधीच्या पंचनाम्याची व कॅमेरा-नोंदीची प्रत द्यावी, ही विनंती. शास्त्रीय मत मी मागत नाही. पाणी पिवळे दिसले तर पिवळे लिहा. गाळ जसाच्या तसा दिसला, तर तसे लिहा. हे शेवटचे वाक्य घालायला मी तयार नव्हते. निलमने घालायला लावले.

सोमवारच्या नोंदीकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
वसुमती चुरी
नरपड, ता. डहाणू
दि. ५ डिसेंबर

सोबत : १) परीक्षकांचे पत्र.
२) निलमने मंडपात बसून लिहिलेली रोजची वही. (झेरॉक्सलाही ती हातची सोडत नाही. वही घेऊन ती आपल्या कार्यालयाच्या दारात उभी आहे.)