‘नि.’

३ फेब्रुवारी
पुण्यात नोकरी लागली! कोथरूडचं डायलिसिस सेंटर, मी टेक्निशियन. कालच साताऱ्याहून आलो, सदाशिव पेठेत कॉट मिळाली. मुख्य सिस्टर उल्काताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की इथे प्रश्न दोनदा विचारायचा नाही आणि चहा एकदाच मिळेल. मला त्या आवडल्या.

७ फेब्रुवारी
रक्त गाळायचा फिल्टर प्रत्येक पेशंटचा वेगळा. धुऊन, नाव घालून पुढच्या वेळी त्यालाच लावायचा. धुणं माझ्याकडे. रजिस्टरात हिपॅटायटिस सीच्या रकान्यात ‘नि.’ म्हणजे निगेटिव्ह. पॉझिटिव्ह निघाला, तर मशीन वेगळं आणि फिल्टर न धुता थेट कचऱ्यात.
डायलिसिसला येणाऱ्या जिनतआपांशी माझी गट्टी जमली. एप्रिलमध्ये त्यांचा भाऊ राहिल त्यांना किडनी देणार आहे.

१२ फेब्रुवारी
धुण्याच्या टेबलावर एका फिल्टरवर घाईत नुसतं ‘नि.’ लिहिलेलं. निगेटिव्ह आहे, मग काय! धुतला. मागोमाग त्याच नळीवर आपांचा. वेळेत आटपलं.

१४ फेब्रुवारी
निशिकांतकाका आज वेगळ्या मशीनवर. परवाच पॉझिटिव्ह आले म्हणे. तो ‘नि.’ कुणाचा, असं उल्काताईंना विचारलं. निशिकांत, निवडुंग नव्हे, म्हणाल्या. टाकायला ठेवला होता, टाकलास ना? मी हो म्हणालो. नंतर कपाटातून काढून टाकला.
आपांना त्यांचा, त्याच नळीवर धुतलेला फिल्टर सकाळीच जोडला होता. अजून एक तास बाकी होता. मशीन बंद करता आलं असतं. केलं नाही.

१० मार्च
सांगायचंय. उद्या.
आपा म्हणाल्या, वाळलास रे, जेवत नाहीस का. जेवतो — चव लागत नाही.

२६ मार्च
आपा पॉझिटिव्ह. ऑपरेशन लांबणीवर. राहिलभाई रिपोर्ट हातात घेऊन नुसते उभे होते. मला काहीच वाटेना —

२८ मार्च
वेगळ्या मशीनवर आपा हटून बसल्या. सुई आमोदच टोचेल, त्याचा हात हलका आहे, म्हणाल्या. मी टोचली. हात थरथरला नाही — त्याचीच भीती वाटली.
हे आलं कुठून, विचारत होत्या. बाहेरच्या एखाद्या इंजेक्शनमधून आलं असेल, म्हणालो. त्यांना पटलं. डोक्यावरून हात फिरवला माझ्या —
आपा, तो फिल्टर मी