अलीकडचं गाव

३ मार्च

मिळाला! नदीकाठचा तो जुना नकाशा, आईच्या लहानपणचा. आमच्याच दफ्तरात, माझ्याच खोलीत, भलत्याच कप्प्यात. इतकी वर्षं नकाशे सांभाळतेय मी – काखेत कळसा नि गावाला वळसा!

टेबलावर उलगडला आणि भिंग घेऊन वाकलेच. केवढं बघितलंय त्या माणसांनी, पायी हिंडून! टेकड्यांच्या चढउताराच्या रेघा, एकेक विहीर, माळावरचं एकटं झाडसुद्धा. नदीवर बोट ठेवताना मी चक्क बाही वर सारली. वेडीच आहे मी.

५ मार्च

आईला सांगितलं. काय चेहरा झाला तिचा! डॉक्टर म्हणालेत, नजर किती दिवस टिकेल सांगता येत नाही. त्याआधी तिला एकदा माहेरचं गाव बघायचंय. आताच्या नकाशांत ते नाहीच. तिचं आपलं एकच – "नदीच्या अलीकडे गं! दोन विहिरी, होडी लागायची ती जागा, वर बोडकी टेकडी."

दादा म्हणतो, "सापडलं तर लगेच गाडी काढतो. पण ते गाव आईच्या डोक्यातच असणार, बघ."

८ मार्च

आपला काठ भिंगाखाली इंच न् इंच चाळला. नाही.

९ मार्च

पुन्हा नाही. पण काय काय दिसलं! एक पाऊलवाट एकाच घराला वळसा घालून जाते – वाटेवरून जुंपली असणार कुणाची तरी! नदीच्या मधोमध सीमेची तुटक रेघ. वाहत्या पाण्यावर रेघ ओढायची, म्हणजे कमालच की! नुसती बघत बसले. आईला मात्र 'अजून शोधतेय' एवढंच सांगितलं.

१२ मार्च

साहेबांना विचारून आईलाच दफ्तरात आणलं. दादाही आला, कुरकुरत.

आईने भिंग घेतलं, पण डोळ्यांच्या आधी बोटच निघालं. नदीपाशी पोचलं – थांबलं नाही. रेघ ओलांडून गेलं! त्या काठावर दोन विहिरी, चिमुकली होडी, बोडकी टेकडी. जसंच्या तसं!

"हे काय, अलीकडेच तर आहे!" आई म्हणाली.

दादा नकाशावर वाकला. "आई, अगं तो दुसरा देश आहे!"

"असेल. मी लग्न होऊन होडीतून आले, तेव्हा कुणी काही विचारलं नाही."

१३ मार्च

दादा सकाळपासून आईच्या पासपोर्टच्या मागे लागलाय. चहा पिता पिता त्याने विचारलं, "मग आई, आम्ही कुठले गं?"

"तुम्ही होय? तुम्ही पलीकडचे," आई म्हणाली. "माझ्या सासरचे."