शांत झालेल्या दीर्घिका

३ मार्च

पोहोचले एकदाची! ताईने तिच्याकडची मागची खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवलीय. तिचं पोट एवढं पुढे आलंय की दारात आमची मिठीच जमेना. हसून हसून पुरेवाट झाली. वेधशाळेतलं कामही झकास. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हाच्या दीर्घिका पडद्यावर येतात. ताऱ्यांचा जन्म चालू असेल तर निळी, थांबला असेल तर लाल, म्हणजे शांत. मी त्यांची वर्गवारी करायची. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, इतक्या लहान वयात शांत झालेली क्वचितच सापडते. सापडली की ओरडून सांग.

७ मार्च

सापडली, पण ओरडले नाही. एक निळी दीर्घिका मला फार आवडायची, कडेला फाटलेल्या पाकळीसारखी. रोज तिला डोळे भरून बघायचे, मग कामाला लागायचे. आज नवी प्रतिमा आली, तर ती लाल. बाई म्हणाल्या, प्रतिमांची अदलाबदल झाली असेल. असं व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात.

१२ मार्च

आणखी लाल झाल्या. सगळ्या मी टक लावून बघितलेल्या. बाईंनी गंमत म्हणून अर्ध्या प्रतिमा मला दाखवल्याच नाहीत. त्या निळ्याच राहिल्या. बाई हसल्या, म्हणाल्या, तुझी नजर लागते की काय! मलाही हसू आलं. घरापर्यंत टिकलं नाही.

१४ मार्च

बाईंच्या समोर बसून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत मनातलं सगळं सांगितलं. त्या समजूत घालू लागल्या: तू दमलीयस, जरा घरी राहा. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच, त्याच आवाजात. श्वास चालू, पापण्या लवतायत. नवं वाक्य मात्र— मी पळाले.

१५ मार्च

बाई दवाखान्यात आहेत. अजून तेच म्हणतायत म्हणे. ताईशी मी पाठमोरीच बोलते. ती चिडली. माझं तोंड बघवत नाही का तुला, म्हणाली.

१९ मार्च

ताईला मुलगी झाली. गेले नाही. ताई फोनवर रडली. काय सांगू तिला—

२२ मार्च

ताई घरी आली. माझं काही ऐकेना. मावशी ना तू, म्हणाली, आणि बाळ मांडीवर ठेवून आंघोळीला गेली. मी डोळे घट्ट मिटलेत. ओळी वाकड्या येत असतील. बाळ रडतंय. रडू दे. रडतंय तोवर—

गप्प झालं.

मी बघितलं नाही. शप्पथ, नाही बघितलं. मग गप्प का— हात लावला, अंग गरम आहे— हलत नाही— झोपलं असेल, झोपलंच असेल— फक्त एकदा, ताई यायच्या आत एकदाच बघ—