मामाजींचे चार बोल्ट

९ मे १९७९, बुधवार

नाही सुटला. चारपैकी एकही नाही! तळहाताला फोड आलेत, लिहिताना पेन टोचतंय.

न्हाणीत कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिच्याखाली लोखंडी स्टँड, आणि तो स्टँड भिंतीला चार बोल्टांनी आवळलेला. बोल्ट भिंतीतून आरपार – डोकं न्हाणीत, नट मागच्या बोळीत. हे सगळं काम माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं. रेल्वेत फिटर होते. जाऊन दहा वर्षं झाली, पण या घरात अजून काहीही हलवायचं तर त्यांच्याशीच झगडावं लागतं.

आता त्या कोपऱ्यात कमोड बसवायचाय. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून त्यांना शनिवारी, एकोणीस तारखेला सुटी. तोवर कमोड झाला नाही तर धाकटे दीर धोंडबा भाऊजी त्यांना खाप्याला आपल्या घरी नेणार. तिथं घरात संडासच नाही. म्हणजे खाटेवर भांडं, आणि ते उचलायला दुसरं कोणीतरी.

हे ऐकून सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाल्या, "मी मेली तरी चालन. पण माह्यं भांडं कोनाच्या हातात नाही देणार."

माझं या बाईशी सतरा वर्षांत फारसं पटलं नाही. हे मात्र पटलं.

१० मे

बोल्टांवर स्टोव्हचं मातीचं तेल ओतून ठेवलंय. हे ड्यूटीवर, गाडी घेऊन बिलासपूरला. घरात काही मोडलं की यांची गाडी लागतेच!

११ मे, शुक्रवार

नत्थू मिस्त्री आला. साठीचा माणूस, बोलतो कमी, पान खातो जास्त. तो बोळीत नटाशी, मी न्हाणीत डोकं पान्यानं धरून. भिंतीतूनच एकमेकांना ओरडून सांगायचं. त्यानं पान्याच्या दांड्यात पाइप घालून पूर्ण वजन टाकलं. काही नाही! दुसऱ्यांदा पाना सटकला आणि मिस्त्री बोळीत बसलाच.

कापून टाका म्हटलं. तर नट विटेत बुडालेला, करवत शिरायला जागा नाही. छिन्नी मारली तर मातीच्या जोडाईची भिंत, विटा ओघळतील.

मग त्यानं खिळ्यानं नटावरचा गंज खरवडला. पापुद्रे पडत गेले, लाल, मग काळे. आणि खाली सहाही कोपरे शाबूत! कालच दुकानातून आणल्यासारखे. मी बोळीत उन्हात उभी, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि त्या नटाकडे बघतच राहिले.

नत्थू म्हणाला, "बाई, ज्यानं हे आवळलं ना, त्याच्या पाया पडा लागते."

१२ मे

तेल. हातोडीनं ठोकणं. पुन्हा तेल. हातभर घाम. बोल्ट जागच्या जागी.

१४ मे, सोमवार

आज नत्थूनं हात टेकले. भिंतच पाडायची म्हणतो, आणि ती बांधून वाळायला पंधरा दिवस. म्हणजे सासूबाई खाप्याला.

मला इतका संताप आला! मामाजींच्या फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, सोडा की आता. तुमच्याच बायकोसाठी चाललंय हे सगळं. मग लाज वाटली, नमस्कार केला. एका माणसाच्या मनगटात एवढा जोर? त्यांचा उजवा हात मी नीट पाहिलाच नव्हता कधी. जेवायला वाढताना दिसायचा तेवढाच.

१५ मे, मंगळवार

लिहिताना अजून हसू येतंय.

दवाखान्यात सासूबाईंना सांगावंच लागलं, की आई, जमत नाही. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच विचारलं, "कोन्या बाजूनं फिरवून राहिले?"

डावीकडे, म्हटलं. सगळं जग डावीकडेच सोडतं.

त्या हसायला लागल्या! पडल्यापासून पहिल्यांदा. पोट हललं, पाय दुखला, कण्हल्या आणि पुन्हा हसल्या. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"अवं, ते उलट्या आट्याचे आहेत. तुमी इतके दिवस आवळूनच राहिले!"

मग सांगितलं. छप्पन साली बोळीतून नळ, टाक्या, काहीही चोरीला जायचं. म्हणून मामाजींनी इतवारीच्या भंगारबाजारातून हे उजवीकडे सुटणारे उलटे बोल्ट निवडून आणले. चोर रात्रभर फिरवेल आणि आपल्याच हातानं घट्ट करून जाईल. चोराच्या जागी मी निघाले!

तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं. "माहीत आहे," एवढंच म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

१६ मे, बुधवार

सुटले! चारही!

सोपं नव्हतंच. आम्हीच आवळून ठेवलेले. तेल, ठोकणं, पाइप, सगळं पुन्हा – पण उजवीकडे. आधी काहीच नाही. मग माझ्या हातातल्या पान्याला एक बारीक झटका बसला आणि भिंतीच्या आतून कर्र असा आवाज आला. पलीकडून नत्थूचा आवाज, हळूच, "बाई... चालला."

बोल्ट बाहेर ओढला. वरून गंज, आणि आतले आटे चक्क चमकत होते! त्यांच्यात अजून पिवळं ग्रीस. बोटावर घेऊन वास घेतला. तेवीस वर्षं ते तिथं ओलं राहिलं होतं. नत्थूनं टोपी काढली. मी घरात गेले आणि फोटोला मोगऱ्याचा हार घातला. नुसता नमस्कार करून भागेना.

नत्थू म्हणतो, सासूबाईंना धरायला दांडा लावू तो याच बोल्टांनी. नट या वेळी आतून.

१८ मे

कमोड बसला. दांडाही. पांढरं शुभ्र भांडं, मीच दोनदा जाऊन बघून आले.

१९ मे, शनिवार

सासूबाई घरी. धोंडबा भाऊजी एकटेच खाप्याला परतले.

न्हाणीत नेलं. कमोडवर बसून त्यांनी दांडा धरून पाहिला. किंचित हलला. मी नत्थूला बोलवायला निघाले तर म्हणाल्या, "त्याले काहून? पाना दे."

दिला. त्यांनी नटावर पाना बसवला, न बघता, आणि डावीकडे एकच ओढ. दांडा भिंतीसारखा घट्ट झाला.

मग त्याच म्हणाल्या, "हे चारी मीच आवळले होते वं. तुह्या सासऱ्याचा उजवा हात तवा पलस्तरात होता. ते आतून डोकं धरत, डाव्या हातानं. बायकोनं पाना चालवला म्हनून लोक हसले असते. म्हनून त्यायचंच नाव सांगितलं."

मी तिथंच, ओल्या फरशीवर त्यांच्या पायांशी वाकले.

"आता हे काहून?" म्हणाल्या. आवळणाऱ्याच्या पाया पडायला नत्थूनं सांगितलंय, म्हटलं.