सुधाच्या उजेडाच्या रांगोळ्या

मी, विश्वंभर नरहर डोंगरकडेकर, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार हिंगोली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. मला दमा आहे, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालावा.

१. पुतण्या राधाकृष्ण याला बाजारातलं दुकान, उभा कॅमेरा आणि महाल रंगवलेला पडदा. पोरगा कष्टाळू आहे, नजर मात्र कोरडी ठणठणीत.

२. राहतं घर पत्नी सौ. सुधा हिचं.

३. आता दुकानामागची कापसाची जुनी वखार. भांडण इथेच होणार, म्हणून सविस्तर लिहितो. वखारीत अंधार करून मी कॅमेऱ्याचं भिंग उघडं ठेवी आणि सुधा चोरबत्तीने हवेत रांगोळी काढी. कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर ती स्वतः उमटत नसे, फक्त उजेडाची रेघ. त्या काचा आम्ही जमिनीलगतच्या झरोक्यांत बसवल्या. ऊन आलं की फरशीवर रांगोळ्या उतरतात. अख्ख्या निजाम इलाख्यात दुसरीकडे असलं काही असेल तर दाखवा!

जवळा बाजार गावच्या गोजरबाई पाहायला आल्या, त्या दारातच थबकल्या. "आत या की," म्हटलं. "पाय कुठं ठिवू? रांगोळी मोडंल न्हाई का!" म्हणाल्या, आणि चपला काढून भिंतीकडेने गेल्या. माझी छाती फुगली. राधाकृष्ण त्याच रांगोळीवरून बूट वाजवत आला. "काका, यात माणूसच नाही. असल्या काचा काहून ठेवून राहिले? खरवडून फ्रेमला लावू, बराबर बसतील." लढाईमुळे काच मिळत नाही, हे मलाही कळतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

४. म्हणून वखार जागेसह सुधाला संपूर्ण मालकीने देतो, विकण्याच्या हक्कासकट. तिच्या परवानगीवाचून राधाकृष्णाने आत पाऊल टाकू नये.

५. काचा मात्र मी कुणालाच देत नाही. लोक मला 'रांगोळीवाले फोटोग्राफर' म्हणतात, ऐकायला गोड लागतं. पण प्रत्येक रेघ सुधाच्या मनगटाची आहे. मी भिंगाचं झाकण काढलं आणि लावलं. जी वस्तू माझी नाही ती मी वाटणार कशी? वारसा म्हणून कुणी काचांना हात लावला तर ती चोरी समजावी. अशी बाई माझ्या घरात आहे याचा मला फार अभिमान आहे, आणि तो कागदावर राहावा.

सही: विश्वंभर नरहर डोंगरकडेकर
हिंगोली, ९ फेब्रुवारी १९४४

त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं, मग आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: तातेराव सोनाजी कदम
साक्षीदार: धर्मसिंग नेमसिंग राठोड

काचांची मालकीण म्हणून सही: सुधा विश्वंभर डोंगरकडेकर