विहिरीच्या पाण्यातलं यीस्ट

सोमवार, ६ फेब्रुवारी १९६१
सकाळी ११ वा. १० मि. आरोग्य कार्यालयातल्या साहेबांनी माझी पाण्याची बाटली खिडकीबाहेर ओतली. "आज्जी, पाव फुगत नसेल तर बेकरीत विचारा." एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, ते हे ऐकायला. शेजारच्या रुक्कूअक्कांच्या विहिरीचं पाणी घातलं की मैदा दगडासारखा बसतो. माझ्या नळाचं घातलं की फुगतो. विहिरीमागे सायकलच्या भागांना निकेलचा मुलामा देणारा कारखाना. त्यांचं हिरवट पाणी चरात. आणखी काय सांगायचं?

मंगळ., ७
पाव राहू दे. दोन बाटल्या, सारखं यीस्ट, सारखी साखर, तोंडाला फुगे. नळाच्या पाण्याचा फुगा दोन तासांत ताठ. विहिरीचा लोळागोळा. रुक्कूअक्का म्हणाल्या, "नातवंडाचं बारसं आत्ताच उरकताय का, बाई?" त्यांची सरू बाळंतपणाला माहेरी आलीय. सातवा महिना. पिते तेच पाणी. मला हसू आलं नाही.

बुध., ८
घोटाळा. माझाच. दोन्ही दिवसांचं विहिरीचं पाणी अक्कांच्या तांब्याच्या हंड्यातून घेतलेलं, रात्रभर मुरलेलं. तांबंसुद्धा यीस्टला मारू शकतं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं. साहेबांना हे कळलं तर...

शुक्र., १०
काचेची बाटली सुतळीनं थेट विहिरीत सोडली. नळाचं पाणीही काचेतच. तीनदा केलं. विहिरीचा फुगा तिन्ही वेळा पडलेलाच. कोणता धातू, किती, ते यीस्ट सांगत नाही. पण त्या पाण्यात ते जगत नाही.
अक्का म्हणाल्या, उकळून देते की. उकळून धातू जात नाही, म्हटलं. अक्कांनी गुडघे चोळले. मग हळूच, "सार्वजनिक नळ लांब. माझे गुडघे हे असे, ती तशी. आणायचं कुणी?"
माझ्याकडे पाणी सकाळी तासभर येतं. सरूपुरतं देईन. गल्लीतल्या बाकीच्या घरांचं काय?

सोम., १३
साहेबांना पत्र, रजिस्टरनं. हंड्याची चूक पहिल्याच कलमात लिहिली, त्यांना शोधायचे कष्ट नकोत. खाली लिहिलं: पाणी प्रयोगशाळेत तपासा, विहिरीवर पाटी लावा, तोवर गल्लीला पिण्याचं पाणी पोचवा. हे पाणी गर्भारशीनं प्यावं असं आपलं मत असेल, तर तेही सहीनिशी कळवा. लेखी उत्तर शुक्रवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.